व्हेंटिलेटरच्या पडद्यावर नेमकं काय वाचायचं?

वाचकाचं पत्र (थोडक्यात; सोबत वहीच्या पानाचा फोटो होता):

"मावशी, माझे आबा (वय ५८) लेप्टोने, म्हणजे शेतातल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाने, आजारी आहेत. लावणीचे दिवस होते, चार दिवस ताप अंगावर काढला. मग डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखायला लागल्या आणि एका रात्री धाप लागली. कुडाळला आयसीयूत व्हेंटिलेटरवर आज पाचवा दिवस. आम्हाला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडतात. मी पडद्यावरचे आकडे वहीत उतरवते आणि पडद्याच्या फोटोसकट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. डोंबिवलीचा चुलतभाऊ म्हणतो, ऑक्सिजन ५० म्हणजे अर्धंच फुप्फुस चालतंय. काल ऑक्सिजन ६० वरून ५० केला, पण पीप ८ वरून १० केला. हे चांगलं की वाईट? रेट २० ठेवलाय आणि बाजूला २६ दिसतो, मशीन बिघडलंय का? भोंगा वाजतो तेव्हा सिस्टर धावत येत नाहीत. आई रोज विचारते, 'ह्यां मशीन काय सांगता?' मला काही सांगता येत नाही.
— एक मुलगी, देवगड तालुका"

मुली,

तुझ्या वहीच्या पानाचा फोटो चष्मा लावून दोनदा वाचला. अक्षर सुंदर आहे, आकडेही नीट उतरवलेस. फक्त सगळे एकाखाली एक, एकाच रांगेत लिहिलेस. गोंधळ तिथूनच सुरू झालाय.

मी तीस वर्षं मुंबईत आयसीयूत सिस्टर होते, आता मालवणजवळ गावी असते. आबांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या उपचारांबद्दल मी काही बोलणार नाही. ते तिथले डॉक्टर बघतील. पडदा कसा वाचायचा तेवढं सांगते.

त्या पडद्यावर दोन जातींचे आकडे असतात. बाजारात कुणाला पाठवताना आपण यादी देतो, आणि तो परत आला की पिशवीत काय आलं ते बघतो. तसंच हे. डॉक्टरांनी मशीनला दिलेली यादी बहुतेक यंत्रांवर खालच्या पट्टीत असते. प्रत्यक्षात काय घडलं ते बाजूला किंवा वर, मोठ्या अक्षरांत, दर श्वासाला बदलत असतं. तुझ्या वहीतले एसी, व्हीटी ३७०, रेट २०, पीप १०, एफआयओटू ५० ही यादी. पी पीक २८, व्हीटीई ३६२, आरआर २६, एमव्ही ९.४ ही पिशवी. एकेकाचा अर्थ पुढे सांगते. उद्यापासून पानाच्या मधोमध रेघ मार, डावीकडे यादी लिही, उजवीकडे पिशवी. निम्मी भीती तिथेच जाईल, कारण यादीतला आकडा बदलला तर तो कुणीतरी विचार करून बदललेला असतो, आपोआप नाही.

आधी एसी. तुझ्या काकांनी ग्रुपवर "एसी चालू आहे, चादर द्या" असं लिहिलंय म्हणतेस, ते वाचून मी पोट धरून हसले, माफ कर. इथे एसी म्हणजे असिस्ट कंट्रोल. श्वास रुग्णाने सुरू केला काय किंवा मशीनने, प्रत्येक श्वास पूर्ण मापाचा देण्याची जबाबदारी मशीनची.

यातच २० आणि २६ चं उत्तर आहे. २० हा तळ आहे. आबांनी स्वतःहून श्वास सुरू केला नाही, तरी मिनिटाला वीस श्वास मशीन देणारच. २६ म्हणजे आबा स्वतः त्याहून वेगाने श्वास मागताहेत. मशीन बिघडलेलं नाही. पण ग्रुपवर बहुतेकांनी केलं असेल ते गणित करू नकोस, "वीस मशीनचे आणि सहा आबांचे". तसं नसतं. आबांनी एक श्वास मागितला की मशीनचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. त्यामुळे ते नियमित २६ च्या गतीने मागत असतील, तर बहुतेक सगळेच श्वास त्यांनी सुरू केलेले असतात आणि सगळ्यांत मशीन हात देत असतं. पहिले दोन दिवस दोन्ही आकडे सारखे होते, असं तुझ्याच पानावर आहे. तेव्हा झोपेचं औषध जोरात असणार, आता ते कमी केलं असावं. तरी २६ पाहून लगेच पेढे वाटू नकोस. ताप, दुखणं, भीती, रक्तातलं आम्ल वाढणं, यांतल्या कशानेही श्वास वाढतो. मागणी कशामुळे वाढली ते डॉक्टरांना विचार.

आता व्हीटी, म्हणजे टायडल व्हॉल्यूम. इंग्रजीत हे नाव भरती-ओहोटीवरूनच पडलंय, आणि आपल्या माणसांना ते समजावून सांगायला खाडीइतकी सोपी गोष्ट नाही. एका श्वासात जेवढी हवा आत येते आणि बाहेर जाते, तेवढी ही भरती. यादीत ३७० मिलिलिटर मागितले, परत ३६२ मोजले गेले. एवढा फरक चालतो. ३७० मागून २०० च परत येत असतील, तर कुठेतरी गळती आहे. ते सिस्टरना सांगायचं, आणि तुझ्याआधी मशीनच ओरडून सांगेल.

तू विचारलंस, निरोगी माणूस अर्धा लिटर हवा घेतो, मग आबांना एवढी कमी का? हा प्रश्न चांगला आहे. मी नोकरीला लागले तेव्हा वजनाच्या किलोमागे दहा-बारा मिलिलिटर सर्रास द्यायचे, भरपूर हवा म्हणजे भरपूर बरं, असा समज. मग २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. ८६१ रुग्ण होते, सगळ्यांची फुप्फुसं आबांसारखीच सुजून पाण्याने भरलेली. निम्म्यांना किलोमागे १२ मिलिलिटर दिले, निम्म्यांना ६. मोठ्या श्वासांच्या गटात सुमारे ४० टक्के दगावले, लहान श्वासांच्या गटात ३१ टक्के. आजारी फुप्फुसाचा जो थोडा भाग उघडा असतो, सगळी हवा त्याच्यावरच जाऊन आदळते आणि तो फाटल्यासारखा होतो. तेव्हापासून जगभर हात आखडता झाला. आणि हे किलो वजनकाट्यावरचे नव्हेत, उंचीवरून काढलेले असतात. पोट सुटलं म्हणून फुप्फुस मोठं होत नाही ना! आबा साधारण साडेपाच फुटांच्या आत-बाहेर असतील, तर त्यांचं हिशेबाचं वजन एकसष्ट-बासष्ट किलो येतं. सहाने गुण. तुझ्या पानावरचा ३७० तिथून आलाय. कुणी अंदाजाने ठेवलेला नाही.

आणि पीप, ज्याने तुझी झोप उडवली.

ओहोटीला देवगडची खाडी बघितलीयेस ना? सुकतीला पाणी पार ओसरलं की होडी चिखलात बसते. मग तिला हलवायला चार माणसं आणि शिव्या लागतात. थोडं पाणी राहिलं असेल तर एकटा माणूस ढकलतो आणि होडी निघते. फुप्फुसातले कोट्यवधी बारीक वायुकोश असेच आहेत. आजारात उच्छ्वास संपला की ते मिटून एकमेकांना चिकटतात, आणि पुढच्या श्वासाला ते उघडायलाच सगळा जोर जातो. म्हणून उच्छ्वास संपतानाही मशीन थोडा दाब शिल्लक ठेवतं. ओहोटीला खाडीत राखून ठेवलेलं पाणी, तो पीप. त्याचं माप पाण्याच्या उंचीतच असतं. १० म्हणजे दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब, अर्ध्या वितेला थोडा कमी. लहानपणी पपईच्या देठाची नळी तांब्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे काढले असशील. नळी दहा सेंटिमीटर खोल असताना बुडबुडा काढायला जेवढा जोर लागतो, तेवढाच.

म्हणजे ८ चा १० झाला याचा अर्थ राखायचं पाणी थोडं वाढवलं. एकटा हा आकडा चांगला नाही आणि वाईटही नाही. त्याच दिवशी ऑक्सिजन ६० वरून ५० आला, हे तूच लिहिलंयस. दोन्ही एकत्र वाच. पीप वाढवून मिटलेले वायुकोश उघडे ठेवले, म्हणून कमी ऑक्सिजनमध्ये भागतंय, असाच त्याचा अर्थ दिसतो. पीप वाढला आणि ऑक्सिजनही वाढला, तर मात्र काळजीचं. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचार. पीप फुकट मिळत नाही, हेही सांगते. फार वाढवला तर छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि बीपी उतरतं. म्हणून तो दोन-दोनने वाढवतात आणि मग बीपीकडे बघत बसतात.

डोंबिवलीच्या भावाला सांग, ५० म्हणजे अर्धं फुप्फुस नव्हे. एफआयओटू म्हणजे आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती टक्के. तू आणि मी आत्ता घेतोय त्या हवेत २१ टक्के असतो. आबांना ५० टक्के मिळतोय, पहिल्या दिवशी ८० होता. हा आकडा जितका खाली येईल तितकं बरं, कारण फार दिवस फार ऑक्सिजन फुप्फुसालाच बाधतो. याच कारणाने दुसऱ्या मॉनिटरवरचा एसपीओटू, म्हणजे बोटाच्या चिमट्याने मोजलेलं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९३ असतानाही कुणी तो १०० करायला धावत नाही. अशा आजारात ९० च्या थोडं वर-खाली डॉक्टर मुद्दाम चालवून घेतात. भावाला मात्र १०० हवेत, आणि तेही डोंबिवलीत बसून.

एकच आकडा धरून ठेवायचा असेल, तर तो पडद्यावर नसतोच. धमनीतून रक्त काढून एबीजी करतात, त्यात पीएओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब, येतो. त्याला ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचं. समज पीएओटू ७५ आणि ऑक्सिजन ५० टक्के, म्हणजे ०.५, ७५ भागिले ०.५ म्हणजे १५०. याला पीएफ रेशो म्हणतात. २०१२ पासून डॉक्टर याच्यावरून फुप्फुस असं सुजून पाण्याने भरण्याच्या आजाराची तीव्रता ठरवतात: २०० ते ३०० सौम्य, १०० ते २०० मध्यम, १०० आणि त्याखाली तीव्र. राउंडला "आज पीएफ किती आहे, काल किती होता?" एवढंच विचार. डॉक्टर तुझ्याकडे वळून बघतील आणि नीट उत्तर देतील, हा माझा अनुभव आहे.

पी पीक २८ म्हणजे हवा आत ढकलताना नळीत चढलेला सर्वांत जास्त दाब. तो खोकल्याने, कफाने, नळी दाताखाली आल्यानेही चढतो. फुप्फुसावर खरा किती दाब पडतो ते बघायला डॉक्टर श्वास क्षणभर रोखून पी प्लॅट मोजतात, तो ३० च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. पीक चढला आणि प्लॅट तसाच राहिला, तर दोष नळीचा किंवा श्वासमार्गाचा; दोन्ही चढले तर फुप्फुस कडक झालंय. यापलीकडे तुला यात शिरायचं कारण नाही. एमव्ही ९.४ म्हणजे मिनिटभरात फिरलेली एकूण हवा, ३६२ गुणिले २६ करून बघ, तेवढीच येईल.

आता भोंगा. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. रात्रपाळी होती, एका रुग्णाचा जास्त दाबाचा अलार्म दर मिनिटाला वाजायचा. मी दर वेळी जाऊन आवाज बंद करायची आणि पडद्याकडे बघत उभी राहायची, जणू पडदाच काहीतरी कबूल करणार होता. मोठ्या सिस्टर आल्या. पडद्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. रुग्णाच्या छातीवर हात ठेवला, मग नळी बोटांनी चाचपत उशीपर्यंत गेल्या. उशीखाली नळी मुडपली होती. त्यांनी ती सरळ केली आणि मला एक शब्दही न बोलता निघून गेल्या. ते न बोलणं मला अजून आठवतं.

तर सिस्टर धावत येत नाहीत, याचा अर्थ त्यांना ऐकू आलं नाही असा नव्हे. आबा खोकले की दाब चढतो, एकदोनदा वाजतं आणि थांबतं. ते त्या लांबूनच ओळखतात. कफ घरघरत असेल तर सक्शन करतात, म्हणजे नळीतून कफ ओढून काढतात. नळी सुटली तर दाब आणि हवा दोन्ही पडतात आणि आवाज थांबत नाही. त्याला मात्र सगळेच धावतात. तू काय करायचं? आबांच्या छातीकडे बघायचं. ती नेहमीसारखी वर-खाली होतेय आणि रंग ठीक आहे, तर दोन श्वास थांब. छाती हलत नसेल, ओठ काळसर दिसत असतील किंवा नळी सुटलेली दिसली, तर मोठ्याने हाक मार. लाजू नकोस. पडद्याच्या कुठल्याही बटणाला मात्र हात लावायचा नाही, आवाज बंद करण्याच्या बटणालासुद्धा.

आईची भीती आहे, पावसात लाईट गेली तर? आपल्याकडे ती जाणारच. पण मशीनच्या पोटात बॅटरी असते आणि आयसीयूला जनरेटर असतो. त्यातूनही काही झालं तर खाटेजवळ एक रबरी फुगा लटकवलेला दिसेल, अँबू बॅग. तो हाताने दाबून श्वास देता येतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून कित्येक आठवडे रुग्णांना असाच हाताने पिशवी दाबून श्वास दिला होता. आजचे आयसीयू त्या साथीतूनच उभे राहिले, असं मानतात. आईला एवढंच सांग: लाईट गेली तरी श्वास देणारे हात तिथे असतात.

पुढे काय बघायचं, तेही सांगून ठेवते. ऑक्सिजन ४० च्या आसपास, पीप ५ ते ८, आणि आबा हाकेला डोळे उघडताहेत, असं दिसलं की एक दिवस मोडच्या जागी एसी जाऊन पीएस किंवा सीपॅप लिहिलेलं दिसेल. तेव्हा यादीतला रेटचा आकडा नाहीसा होईल. घाबरू नकोस. त्याचा अर्थ श्वास कधी घ्यायचा हे आता आबा ठरवताहेत, मशीन फक्त पाठीला हात लावतंय. मग अर्धा तास ते दोन तास अगदी कमी आधारावर ठेवून बघतात, आणि जमलं तर नळी काढतात. पहिल्या प्रयत्नाला नाही जमलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दहा-पंधरा दिवस लांबलं तर गळ्याला छोटं छिद्र करून नळी तिथून घालण्याचा विषय निघू शकतो. ते ऐकून घरात रडारड होते, पण त्यामुळे बऱ्याच रुग्णांना आराम पडतो, झोपेचं औषध कमी लागतं, आणि पुढे ते छिद्र बुजतं.

ग्रुपवर पडद्याचे फोटो टाकणं आजपासून बंद कर. फोटो एका क्षणाचा असतो. त्या क्षणी आबा खोकत असतील तर आकडे भलतेच दिसतील, आणि रात्रभर दहा घरांत गजाली चालतील. रोज संध्याकाळी तीनच गोष्टी लिही: ऑक्सिजन किती, पीप किती, पीएफ किती, बाजूला कालचे आकडे. डॉक्टरांशी घरातल्या एकानेच बोलायचं, आणि मला वाटतं ती तूच.

आणि ती दहा मिनिटं वहीत घालवू नकोस. आकडे उतरवायला एक मिनिट पुरतं, उरलेली नऊ आबांची. नळी स्वरतंतूंच्या मधून जाते म्हणून त्यांना बोलता येत नाही, पण ऐकू येत असेल असंच धरून बोल. हात सैलसर बांधलेले दिसतील, ते नळी ओढली जाऊ नये म्हणून. तुझा हात त्यात घाल. आज वार कोणता, पाऊस किती पडला, लावणी कुणी पुरी केली, बैल कुणाच्या गोठ्यात आहेत, सांग. आयसीयूत दिवस-रात्र कळत नाही आणि माणूस भ्रमात जातो. घरच्या आवाजाने तो धागा धरून राहतो. आईलाही आत ने. तिला पडद्याकडे बघू देऊ नकोस, आबांच्या छातीकडे बघायला सांग. मशीन काय सांगतं याचं उत्तर तिला तिथेच दिसेल.

ता.क. त्याच कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, आणखी कोण कोण उतरलं होतं? तरवा (भाताची रोपं) काढायला आलेल्या बायका, बैल धरणारा पोरगा? कुणालाही ताप, अंगदुखी किंवा लाल डोळे असतील तर त्याला आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठव आणि घरात लेप्टोचा रुग्ण आहे हे तिथे आधी सांगायला सांग. ज्यांना काही होत नाही, त्यांनीही प्रतिबंधक गोळीबद्दल तिथे विचारावं. पायाला भेगा किंवा जखम असलेल्याने गमबूट घातल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, लावणी राहिली तरी चालेल.